माया ठेवून

आईच्या कपाटात साड्यांच्या खालच्या कप्प्यात खाकी कागदाच्या गुंडाळ्या आहेत. प्रत्येक गुंडाळीला जुन्या परकराच्या नाडीची गाठ, आणि गाठीत खोचलेल्या चिठ्ठीवर नाव, महिना, साल. शेजारच्या काकूंचं नाव, माझ्या दोन्ही आत्यांची, माझ्या शाळेतल्या बाईंची. त्यातल्या काही बायका आता नाहीत. त्यांची मापं आहेत. माझ्या नावाच्या पाच गुंडाळ्या आहेत, कारण मी वाढत गेले. आईच्या नावाची एकच आहे. 'स्वतः. चार टक्स. फेब्रुवारी १९८८.' तीस-पस्तीस वर्षं ती याच कागदावरून स्वतःचा ब्लाउज बेतत आली. मध्ये कधी कंबरेत अर्धा इंच वाढवला, बाहीची लांबी फॅशनप्रमाणे वरखाली केली, पण कागद तोच राहिला. डोळ्यांना सुईत दोरा दिसेनासा झाला तेव्हा ती टेलरकडे द्यायला लागली. तेही कापड कागदाप्रमाणे घरी कापून द्यायची. टेलरनं फक्त शिवायचं.

गेली दोन वर्षं हे ब्लाउज बिघडून येत होते. मागून वर चढायचे आणि पाठीचा पट्टा उघडा पडायचा. पुढचा गळा सैल पडून त्याला चुण्या यायच्या. बाही काखेत ओढायची. आईनं तीन टेलर बदलले. "आजकाल कोणाला बाही बसवता येत नाही," ती म्हणायची. मीही तिच्या सुरात सूर मिळवून तिन्ही टेलरांना नावं ठेवली. तसं करण्यात माझा एक स्वार्थ होता. तो मला ठाऊक होता, तिला नव्हता.

*

आमचं घर रायपूरला तात्यापाऱ्याच्या मागच्या बाजूला. रायपुरातल्या मराठी माणसाला 'तुम्ही इकडे कसे?' हा प्रश्न महाराष्ट्रात गेल्यावर हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं. कुणी बिंबाजी भोसल्यांपर्यंत मागं जातात. ते १७५८ साली रतनपूरच्या गादीवर आले आणि त्यांच्यामागून कारकून, पुजारी, शिपाई आले. कुणी रेल्वेतून आले, कुणी वकिली करायला आले. माझ्या आईचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे. ती १९४९ साली नागपुरात जन्मली. तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. पुढे मध्य प्रदेश म्हणवलेल्या त्या राज्याची राजधानीच नागपूर होती. ती सात वर्षांची असताना, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिलं. वीस वर्षांनी तिचं लग्न रायपुरात झालं तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी परप्रांतात दिली. "मी तर आपल्याच राज्यात आले होते," असं ती अजून म्हणते. नोव्हेंबर २०००मध्ये छत्तीसगड झालं तेव्हा तिनं घर न बदलता पुन्हा एकदा राज्य बदललं.

लग्नानंतर वर्षभरात तिनं शिवणाचे क्लास सुरू केले. पायानं चालवायचं उषाचं मशीन, एक लांब टेबल आणि नागपूरहून आणलेलं झारापकरांचं कर्तनकलेचं पुस्तक एवढ्या भांडवलावर. दुपारी दोन ते चार. मराठी घरातल्या मुली यायच्या, सिंधी यायच्या, आणि टिकरापाऱ्यातून, पुरानी बस्तीतून छत्तीसगढी बोलणाऱ्या यायच्या. मी शाळेतून आले की टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायची. वर तीन भाषा चाललेल्या असायच्या. मोठेपणी मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलं आणि अनुवादक झाले. मुलाखतीत कुणी विचारतं की अनुवादाकडे कशा वळलात, तेव्हा मी माधवराव सप्र्यांचं नाव घेते. टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेणारा हा माणूस आमच्याच गावातला, त्यांच्या नावाची शाळा बूढातालाबाजवळ आहे, वगैरे. ते खोटं नाही. पण टेबलाखालच्या दुपारी त्याच्या आधीच्या आहेत.

त्या टेबलावरचे शब्द मला अजून आठवतात. आई म्हणायची 'पोलकं', छत्तीसगढी मुली म्हणायच्या 'पोलखा', आणि दोघींना वाटायचं की समोरची आपलाच शब्द थोडा चुकीचा म्हणते आहे. 'लुगडं' आणि 'लुगरा' यांचंही तेच. 'मुंढा' सगळ्यांचा एक होता. 'बेतणे' मात्र त्या टेबलावर फक्त आमचा. मुलींच्या हिंदीत कापड 'काटते हैं', आणि काटण्यात कात्रीच तेवढी येते. बेतण्यात कात्री लावण्याआधीचा सगळा विचार येतो. म्हणूनच लग्नाचा बेत, जेवणाचा बेत. आई मुलींना सांगायची, "पहले बेतो, फिर काटो," आणि मुलींच्या हिंदीत तो शब्द नाही हे तिच्या गावीही नसायचं. मुलींनी तो बिनतक्रार घेतला.

दुसरा असाच शब्द 'माया'. शिलाईच्या रेघेबाहेर जे कापड सोडायचं, उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला मराठीत माया म्हणतात. मुली विचारायच्या, "बहनजी, दबाव कितना छोड़ूँ?" कारण त्यांच्याकडे शिलाईत दाबला जाणारा तो भाग दबाव होता. आई उत्तर द्यायची, "एक इंच माया रखो." सिंधी मुली हसायच्या. माया म्हणजे त्यांना देवळातल्या प्रवचनातली माया वाटायची, जिच्यापासून दूर राहायचं असतं. आई म्हणायची, "रेडिमेडमध्ये ती नसतेच. एकदा फाटलं की संपलं."

*

क्लासातला एक धडा मुलींना जादूसारखा वाटायचा. आई जुन्या लग्नपत्रिकेचा ब्लाउजच्या पुढच्या भागाच्या आकाराचा तुकडा कापायची. त्याच्यावर छातीचा बिंदू काढायची आणि कंबरेपासून त्या बिंदूपर्यंत एक टक्स कापून दाखवायची. तो टक्स मिटला की सपाट कागदाला फुगवटा यायचा, वाटी व्हायची. मग ती खांद्यापासून त्याच बिंदूपर्यंत दुसरी चीर द्यायची आणि कंबरेचा टक्स मिटवून चिकटवायची. खांद्याची चीर आपोआप उघडायची. फुगवटा तेवढाच. "टक्स कुठेही न्या," ती म्हणायची, "खांद्यात न्या, मुंढ्यात न्या, काखेत न्या. टोक बिंदूकडेच राहिलं पाहिजे. एक मिटला की दुसरा उघडतो. शरीराला जेवढी जागा लागते तेवढी कुठून तरी द्यावीच लागते."

विकतच्या कागदी नमुन्यांचा धंदा अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ साली सुरू केला. वेगवेगळ्या मापांचे छापील कागद पाकिटात घालून घरोघर पोचवले. आमच्याकडे ब्लाउजच्या बाबतीत ते रुजलं नाही. इथं प्रत्येक बाईचा आपला कागद असतो. आईच्या आईच्या पिढीत तर तोही नव्हता. खणाची चोळी असायची, समोर गाठ मारायची, आणि गाठ थोडी घट्ट किंवा सैल केली की दहा वर्षांत बदललेलं शरीर तीत मावायचं. हुक आले, टक्स आले, चोळी अंगाबरोबर आली, आणि मग माप चुकायला लागलं.

पुस्तकातल्या पद्धतीत बरीचशी मापं छातीवरून काढतात. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, असं आईच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. या हिशोबामागे एक सरळ उभं राहिलेलं शरीर धरलेलं असतं. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र 'अंगाचे दोष' असं शीर्षक आहे: उतरता खांदा, पुढे आलेलं पोट, बाकदार पाठ. प्रत्येकाखाली एक छोटी आकृती. मी वही कितीदा चाळली होती, पण ती पानं वाचली नव्हती.

*

दोन वर्षांपूर्वी आईची पाठ दुखायला लागली. पडली नव्हती, आपटली नव्हती. फोटो काढल्यावर कळलं की पाठीचे दोन मणके हाडं ठिसूळ झाल्यामुळे दबले आहेत. या वयाच्या बायकांना असं पुष्कळदा होतं, कधी कधी नुसत्या खोकल्यानंही. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं: औषधानं हाडं आणखी ठिसूळ होण्याला आळा बसेल, व्यायामानं दुखणं कमी होईल आणि वाकणं लांबवता येईल; दबलेला मणका मात्र पुन्हा उंच होत नाही. आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. रिपोर्ट इंग्रजीत होता.

बाहेर येऊन मी तिला म्हटलं, "हाडं थोडी ठिसूळ झालीत आणि पाठीचे स्नायू कमजोर झालेत. नियमित व्यायाम केला तर फरक पडेल म्हणाले."

यातला एकही शब्द मी खोटा ठरू देणार नाही. फरक पडतोच. अनुवादात आम्ही याला काय म्हणतो ते मला माहीत आहे: गाळणं. मूळ वाक्याचा उत्तरार्ध वाचकाला पेलणार नाही असं ठरवून तो सोडून द्यायचा, आणि पूर्वार्ध असा गुळगुळीत करायचा की काही सुटलं आहे हे कळू नये. संपादकानं माझ्या मजकुरात असं केलं असतं तर मी भांडले असते.

आई व्यायाम करायला लागली. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून, डोकं भिंतीला टेकवायचा प्रयत्न करत, दहा मिनिटं. पहिल्यांदा डोकं आणि भिंत यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. दोन वर्षांनी पाच बोटांचं झालं होतं. ती मला म्हणायची, "आज जरा जास्त टेकलं, नाही?" आणि मी म्हणायची, "हो."

*

गेल्या दिवाळीनंतर नागपुरात माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आईच्या माहेरचं बहुधा शेवटचं मोठं कार्य. आईनं चांपाची कोशाची साडी काढली, मधाच्या रंगाची, लाल काठाची. ब्लाउजपीस साडीतलाच होता. तो तिनं बेतायला घेतला नाही. आठवड्यानं म्हणाली, "मी काही येत नाही. पाच तासांचा प्रवास सोसत नाही आता." मी आग्रह केला तेव्हा चिडली. "काहून मागं लागली? सांगितलं न, नाही येत."

त्याच सुमारास आईची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. टिकरापाऱ्यात तिचं स्वतःचं दुकान आहे, चार मशिनं आहेत. अजूनही आईला बहनजी म्हणते आणि आईसमोर खुर्चीवर बसत नाही. आईनं तिला शेवटचे तीन ब्लाउज दाखवले आणि टेलरांची गाऱ्हाणी सांगितली. तिनं ते हातात घेतले, शिलाया पाहिल्या, आईकडे पाहिलं आणि गप्प राहिली. मी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "दीदी, दर्जी के गलती नो हे. पाछू कोती ले पोलखा उठथे. नवा कटिंग करे ल परही." शिंप्याची चूक नाही, पाठ वाकली आहे, नवा कागद करावा लागेल. "मैं बहनजी ला कइसे कहौं? तुम कहव."

मी विचारलं, हे त्यांना स्वतःला दिसत नसेल का? ती म्हणाली, दुसऱ्याची पाठ दिसते, आपली कुणाला दिसते?

रात्री मी ती वही काढून 'बाकदार पाठ' हे पान वाचलं. मागे लांबी वाढवावी, पुढे कमी करावी, खांदा पुढे घ्यावा. आकृतीतली बाई बाजूनं काढलेली होती, आईच्याच हाताची रेघ. चाळीस वर्षं तिनं हे मुलींना शिकवलं होतं. शिंप्याची चूक नाही हे तिला कळत नसेल यावर माझा विश्वास बसेना.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेप घेऊन तिच्याकडे गेले.

"उभी राहा, माप घेते."

"माप आहे कपाटात."

"नवं घेऊ."

"कशाला? पाठ सरळ झाली की परत सगळं उसवावं लागेल. व्यायाम करून राहिली न मी."

दोन वर्षं ती कागद का बदलत नव्हती ते मला तेव्हा कळलं. तिला सगळं दिसत होतं. ती माझ्या वाक्यावर विसंबून थांबली होती. पाठ सरळ होणार होती, म्हणून कागद जपून ठेवायचा होता. लग्नालाही म्हणूनच यायचं नव्हतं. अजून झाली नाही, पुढच्या कार्यापर्यंत होईल.

मी म्हटलं, "आई, ती सरळ होणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मणके दबलेत, ते परत वर येत नाहीत. व्यायामानं आणखी वाकणं लांबतं. मी तेवढंच सांगितलं तुला. पुढचं सांगितलं नाही."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. आईनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. मग भिंतीकडे पाठ करून उभी राहिली, आणि डोकं टेकवायचा प्रयत्न न करता म्हणाली, "घे. मानेच्या हाडापासून घे. खांद्यापासून घेशील तर चुकेल."

मी टेप मानेच्या खालच्या टपोऱ्या हाडावर धरली. ती वळणावरून खाली सरकवत कंबरेपर्यंत आणली. आईची पाठ मी लहानपणी न्हाणीघरात पाहिली असेल, नंतर कधी नाही. बोटांना ब्लाउजमधून प्रत्येक मणका लागत होता.

"किती?"

"सोळा."

"साडेचौदा होतं. पुढून घे. गळ्याच्या खळगीपासून."

"बारा."

"तेरा होतं." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "मागे दीड वाढला, पुढे एक गेला. जास्त नाही." शिकवताना तिचा असायचा तोच आवाज. "त्या पोरीचं काय चुकत होतं सांग बरं? तीन टेलर. बिचाऱ्यांना उगाच बोलले."

*

१९८८चा कागद कापू नकोस म्हणाली. तो टेबलावर पसरून, वर वर्तमानपत्राचा कोरा मोठा कागद ठेवून, मार्किंगच्या चाकानं मी त्याची नक्कल उतरवली. मला शिवता येत नाही. चिंध्या गोळा करण्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. ती खुर्चीवर बसून सांगत होती आणि मी करत होते.

पाठीचा कागद अर्धाच असतो, कारण कापड घडी करून बेततात. कागदाची सरळ कड घडीवर येते आणि उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. "मानेपासून चार इंच खाली आडवी रेघ काढ. तिच्याखाली दीड इंचावर अजून एक. आता मधल्या कडेकडून मुंढ्याकडे काप. पूर्ण नको, टोकाला कागद जोडलेला राहू दे." मी दोन्ही चिरा दिल्या. "आता प्रत्येक चीर पाऊण इंच उघड. एकाच ठिकाणी दीड इंच उघडशील तर तिथे फुगा येईल. पाठ काय एका जागी वाकत नाही." मी उघडून खाली कागदाची पट्टी चिकटवली. पाठीचा कागद पंख्यासारखा पसरला आणि त्याची मधली सरळ कड वरच्या टोकाला आत झुकली.

"आता घडीवर बसेल का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग काय करशील?"

मला येईना. ती म्हणाली, दोन वाटा आहेत. कड सरळ करून जादा कापड गळ्यापाशी दोन छोट्या टक्समध्ये घालायचं, म्हणजे पाठ अखंड राहते. नाही तर पाठीला मधोमध जोड द्यायचा आणि ती झुकलेली कड तशीच शिवायची. कोशावर जोड दिसेल, मी म्हटलं, टक्स करू या. "जोड कर," ती म्हणाली. "जोडाला माया ठेवता येते. दोन वर्षांत अजून वाकेन. तेव्हा उसवायला जागा पाहिजे. खालच्या दुमडीतही दीड इंच ठेव."

पुढचा भाग सोपा होता. गळा आणि छाती यांच्यामध्ये कागदाला आडवी चुणी घातली, मध्यावर एक इंच आणि मुंढ्याकडे शून्य. गळा नव्यानं काढला. मग पुढच्या खांद्याच्या रेघेतून अर्धा इंच कापून तोच तुकडा मागच्या खांद्याला चिकटवला, कारण खांदे पुढे आलेत. बाहीची मधली खूणही तेवढीच पुढे सरकली. जुना कागद शेजारी होता. दोन्हींत फारसा फरक दिसत नव्हता, आणि एकही रेघ सारखी नव्हती.

चिकटपट्टी लावता लावता मी म्हटलं, "रागावली आहेस का?"

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "बाबांच्या शर्टांचं तुला सांगितलं नाही मी कधी."

बाबा २०१९मध्ये गेले. शेवटच्या वर्षात पोटाच्या आजारानं त्यांचं वजन झपाट्यानं उतरत होतं. आरशात बघायचं त्यांनी सोडलं होतं, पण शर्ट घालताना सैल लागला की चेहरा पडायचा. म्हणून आई रात्री ते झोपल्यावर शर्ट आत घ्यायची. दोन्ही कुशींना पाव-पाव इंच, पंधरा दिवसांनी पुन्हा पाव इंच. कॉलरचं बटण सरकवायची. आतलं कापड तिनं कापलं नाही, दुमडून धावदोऱ्यानं दाबून ठेवलं. वजन परत वाढलं तर सोडता यावं म्हणून. शेवटच्या शर्टाला दोन्ही कुशींत दोन-दोन इंच माया होती.

"त्यांना कळलं नाही?"

"कळत होतं. एकदा म्हणाले, मी बारा किलो उतरलो, पण हा शर्ट काही सैल होत नाही, कोणत्या मिलचं कापड आहे? मी म्हटलं, पंडरीतून आणलेलं आहे, आटतं. ते हसले."

मला वाटलं, ती मला माफ करते आहे. आपणही तेच केलं होतं, असं सांगते आहे. तिनं टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला, मी चिकटवलेल्या पट्टीची कड नखानं दाबली आणि म्हणाली, "पण त्यांना शर्ट स्वतः बेतायचा नव्हता. मला बेतायचा होता. बेतणाऱ्याला माप खरं द्यावं लागतं."

*

आधी मांजरपाटाचा नमुना शिवला, नुसता कच्च्या टाक्यांचा. तो तिच्या त्या विद्यार्थिनीनं दुकानात शिवून आणला आणि स्वतः अंगावर घालून पाहिला. मुंढ्यात एक चूण येत होती. आईनं आरशात पाठ वळवून, दुसरा आरसा मला धरायला लावून ती पाहिली आणि खडूनं खूण केली. आपली पाठ तिनं तेव्हा बहुधा पहिल्यांदा नीट पाहिली. बराच वेळ पाहिली. "आजीसारखी झाली," एवढंच म्हणाली. मग कोसा बेतला. त्याचे धागे निसटतात म्हणून कडा आधी दोऱ्यानं बांधून घेतल्या.

ब्लाउज आला त्या संध्याकाळी ती म्हणाली, "तो रिपोर्ट आण. पूर्ण वाच."

मी वाचला. एकेक ओळ इंग्रजीत आणि लगेच मराठीत, काहीही न गाळता, मणक्यांच्या क्रमांकांसकट. एका शब्दाशी अडखळले. शब्दकोशातला शब्द जिभेवर आला, 'संपीडन'. ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हटलं, दबणं. "मग दबला म्हण न बापा. दबाव आला. त्यात काय." आणि पुढे वाचायची खूण केली.

लग्नाला आम्ही गेलो. गाडीत ती खिडकीशी बसली आणि डोंगरगडची टेकडी दिसली तेव्हा मला उठवलं. कार्यालयात तिच्या मावसबहिणीनं तिला मिठी मारली, मग मागून पाठीवरून हात फिरवला. "किती वाकलीस ग," ती म्हणाली, आणि लगेच, "पण ब्लाउज काय बसलाय! कोणी शिवला?"

"माझ्या लेकीनं बेतला," आई म्हणाली.

मी बाजूलाच उभी होते. दुरुस्त करायला गेले नाही.

घरी आल्यावर नवा कागद तिनं गुंडाळून नाडीनं बांधला. चिठ्ठी मला लिहायला सांगितली, तिचा हात आता थरथरतो. नाव, महिना, साल. खाली मोठ्या अक्षरांत: 'पाठीत जोड. माया एक इंच.' १९८८ची गुंडाळी तिनं टाकू दिली नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या आहेत.